ऑफिसच्या लॅपटॉपसाठी संपूर्ण डिस्क एन्क्रिप्शन: बिटलॉकर, व्हेराक्रिप्ट की आणखी काही? (नाशिक)

हिशेबवही_नाशिक

नमस्कार मंडळी. कॉलेज रोडवरच्या एका सीए ऑफिससाठी सल्ला हवा आहे. एकूण आठ लॅपटॉप आहेत. पाचांवर विंडोज ११ प्रो, दोनांवर विंडोज ११ होम (हे दोन आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांचे स्वतःचे), आणि एक जुना, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, उबुंटूवर चालणारा. त्यात टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) नाही, डिस्कही साधी फिरती आहे.

मुलं हे लॅपटॉप घेऊन अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, दिंडोरी-निफाडकडच्या सोसायट्यांत आणि अधूनमधून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात. आत टॅलीचा डेटा, पॅन-आधारच्या प्रती, बँक स्टेटमेंटं असं सगळं असतं. सिंहस्थाच्या गर्दीत एखादी बॅग गेली तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी, म्हणजे कूटबद्ध) करायची, एवढंच साधायचं आहे.

प्रश्न असे: सगळ्यांवर एकच सॉफ्टवेअर घालावं का? टॅली मंद होईल का? एन्क्रिप्शन चालू असताना लाइट गेली तर? मुलगा नोकरी सोडून गेला तर डेटा अडकेल का? आणि व्हायरसपासूनही याने संरक्षण मिळतं का?

सातपूर_सिस्टिम

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे गैरसमज झाला तर बाकीची मेहनत वाया जाते. डिस्क एन्क्रिप्शन फक्त बंद लॅपटॉपचं रक्षण करतं. एकदा विंडोज सुरू झालं की प्रत्येक प्रोग्रॅमला फाइली उघड्याच दिसतात, रॅन्समवेअरलाही (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही). फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली किंवा मेलने पाठवली की ती साधी होऊनच बाहेर पडते. ऑफिसच्या सर्व्हरवर शेअर केलेल्या टॅलीच्या फोल्डरलाही लॅपटॉपच्या एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही.

आता सॉफ्टवेअर. सगळीकडे एकच हवं, हा आग्रह सोडा. विंडोज प्रोवर त्याचंच बिटलॉकर आणि उबुंटूवर लिनक्सचं लक्स वापरा. पुढे एखादा मॅक आला तर त्यावर फाइलव्हॉल्ट. ज्या सिस्टिमबरोबर जे येतं ते तिच्या अपडेटबरोबर टिकतं. होमवाल्या दोघांचा विचार वेगळा करावा लागेल, तो खाली.

प्रोवर बिटलॉकर नुसतं चालू करून थांबू नका. तसं केलं तर फक्त टीपीएमचं कुलूप लागतं: लॅपटॉप सुरू केला की चिप आपोआप किल्ली देते आणि विंडोजचा लॉगिन पडदा येतो. म्हणजे चोराच्या हाती असलेला लॅपटॉप स्वतःच स्वतःचं कुलूप उघडतो, पुढे अडवायला फक्त विंडोजचा पासवर्ड उरतो. टीपीएमची चिप बोर्डावर वेगळी बसवलेली असेल तर चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून जाणारी किल्ली स्वस्त उपकरणानेही टिपता येते. हे जाहीर प्रात्यक्षिकांत दाखवलं गेलं आहे. त्यामुळे फिरत्या लॅपटॉपवर टीपीएमला पिनची जोड हवीच.

त्यासाठी लोकल ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन, ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह्ज असं आत गेलात की ‘रिक्वायर अ‍ॅडिशनल ऑथेंटिकेशन अ‍ॅट स्टार्टअप’ ही नोंद सापडेल. ती एनेबल करा आणि खाली ‘रिक्वायर स्टार्टअप पिन विथ टीपीएम’ निवडा. इथे हमखास चूक होते. एक पर्याय ‘रिक्वायर’ केला की बाकीचे तिन्ही ‘डू नॉट अलाउ’ करावे लागतात. ते ‘अलाउ’वर राहिले तर सेटिंग परस्परविरोधी ठरून बिटलॉकर चालूच होत नाही आणि त्रुटीचा संदेश येतो.

पिन मुळात किमान सहा अंकी असतो. आठ ठेवा, आणि ऑफिसच्या फोन नंबरातले अंक नकोत. चुकीचे पिन टाकत राहिलं तर विंडोजने वापरासाठी सज्ज केलेलं टीपीएम २.० हे ३२ चुकांनंतर स्वतःला बंद करून घेतं, मग दर दहा मिनिटांनी एक प्रयत्न परत मिळतो. एवढा छोटा पिन चालतो तो याच्याच जोरावर.

बिटलॉकर आधीच चालू असलेल्या लॅपटॉपवर पिन नंतर जोडायचा तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि मॅनेज-बीडीई या आज्ञेच्या ‘प्रोटेक्टर्स’ भागातला ‘टीपीएम अँड पिन’ पर्याय वापरा. त्यानंतर त्याच आज्ञेच्या ‘गेट’ने यादी पाहा. यादीत नुसत्या टीपीएमची ओळ अजून दिसत असेल तर ती काढून टाका, नाहीतर पिन न विचारताच डिस्क उघडेल.

सुरुवातीला ‘फक्त वापरलेली जागा’ की ‘संपूर्ण ड्राइव्ह’ असं विचारलं जातं. नवा कोरा लॅपटॉप असेल तर पहिला पर्याय पुरे. तुमचे वापरातले आहेत, तेव्हा दुसराच निवडा. डिलीट केलेल्या जुन्या फाइलींचे अवशेष रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तसेच असतात आणि पहिल्या पर्यायात ते उघडेच राहतात.

लाइट गेली तरी बिटलॉकर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. तरी चार्जर लावूनच बसवा, आणि त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या. एन्क्रिप्शनच्या चुकीपेक्षा जुनी डिस्क त्या सलग लिखाणाच्या ताणाने दगा देण्याची भीती जास्त असते.

मोकळा_स्रोत

माझं मत वेगळं आहे. सातही विंडोज मशीनवर व्हेराक्रिप्ट घाला. त्याचा मूळ कोड (सोर्स कोड) खुला आहे, कुणीही तपासू शकतं. २०१३ पासून आहे, २०१४ मध्ये ट्रूक्रिप्ट हे त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर बंद झाल्यावर बहुतेक जण याच्याकडेच आले. होम आणि प्रो असा भेद नाही, पैसे लागत नाहीत, टीपीएमवर विसंबावं लागत नाही, आणि किल्ली कुणाच्या क्लाउडवर जात नाही. क्लायंटचा डेटा सांभाळणाऱ्या ऑफिसला ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी.

विझार्ड एन्क्रिप्शनआधी एकदा रीस्टार्ट करून चाचणी घेतो, त्यामुळे बूट होत नसेल तर डेटाला हात लागण्याआधीच कळतं. बूट बिघडलं तर दुरुस्तीसाठी रेस्क्यू डिस्क तयार करायला लावतो. युईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) मशीनवर ती झिप फाइल म्हणून मिळते. फॅट-३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हच्या मुळाशी ती उलगडून ठेवायची, कुठल्याही फोल्डरात नाही. एन्क्रिप्शनचा प्रकार (कूटबद्ध करण्याची पद्धत) नुसता एईएस ठेवा. एईएस-टूफिश-सर्पंट अशी साखळी घातली तर वेग दिसण्याइतका घसरतो.

सातपूर_सिस्टिम

व्हेराक्रिप्ट चांगलंच आहे, त्याच्या विश्वासार्हतेबद्दल वाद नाही. पण आठ लॅपटॉप आणि ऑफिसात पूर्णवेळ आयटीचा माणूस नाही, अशा ठिकाणी सिस्टिम ड्राइव्हवर ते घालावं असं मला वाटत नाही. कारण असं: विंडोजचं मोठं अपडेट किंवा बायोसचं अपडेट झालं की कधीकधी बूटच्या क्रमात विंडोजचा बूट मॅनेजर पुन्हा पहिला येतो. त्याला कूटबद्ध डिस्क वाचता येत नाही, म्हणून तो ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ दाखवतो. डेटा जागेवर असतो, फक्त बायोसमध्ये व्हेराक्रिप्टची नोंद वर आणायची असते किंवा रेस्क्यू डिस्कने लोडर परत बसवायचा असतो. पण हे माहीत नसलेला मुलगा दिंडोरीत क्लायंटसमोर बसून ‘रिसेट धिस पीसी’ दाबेल, आणि मग खरंच सगळं जाईल.

किल्ली क्लाउडवर जाण्याबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. प्रोवर त्यावर उपाय आहे: रिकव्हरी की (पिन चालला नाही तर डिस्क उघडणारी आणीबाणीची किल्ली) जतन करताना ‘प्रिंट’ किंवा ‘फाइल’ निवडायचं. खात्यात आधीच गेली असेल तर मॅनेज-बीडीईने जुना न्यूमरिकल पासवर्ड (म्हणजे तीच रिकव्हरी की) काढून नवा जोडा आणि खात्यातली नोंदही पुसा. आधी नवा जोडायचा, तो छापायचा, मगच जुना काढायचा. हा क्रम उलटा करू नका.

व्हेराक्रिप्टची खरी जागा तुमच्याकडे वेगळी आहे. ज्या पेन ड्राइव्हवरून डेटा नेता-आणता त्यावर त्याचा कंटेनर (आत फाइली ठेवता येणारी एक कूटबद्ध फाइल) करा. विंडोज होमला बिटलॉकरचा पेन ड्राइव्ह उघडता येतो पण तयार करता येत नाही, कंटेनरला ही अडचण नाही. फक्त पेन ड्राइव्ह एक्स-फॅट करून घ्या. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

गोदाकाठचा_पेंग्विन

उबुंटूवाल्या लॅपटॉपबद्दल.

चालू सिस्टिम जागच्या जागी कूटबद्ध करण्याचा मार्ग क्रिप्टसेटअपमध्ये (लक्स चालवणाऱ्या आज्ञेत) आहे, पण सिस्टिम ज्यावर बसते त्या रूट विभाजनावर (पार्टिशनवर) तो नाजूक आहे. बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करणं सोपं. इन्स्टॉलर डिस्क निवडताना एन्क्रिप्शनसह एलव्हीएमचा (डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) पर्याय देतो, तो घ्या. बूट विभाजन उघडं राहतं, ते ठीक आहे. त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, क्लायंटचा डेटा नाही.

वेगाचा प्रश्न या मशीनवर खरा आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना असतात, त्यामुळे टॅली-एक्सेलच्या कामात फरक जाणवत नाही. दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीमध्ये त्या नाहीत, सगळा हिशेब साध्या सूचनांनी होतो. तर आधी मोजा: टर्मिनलमध्ये क्रिप्टसेटअपची ‘बेंचमार्क’ आज्ञा चालवा आणि एईएस-एक्सटीएसच्या ५१२ बिटच्या ओळीतला आकडा बघा. (एक्सटीएसला किल्लीचे दोन भाग लागतात, म्हणून ५१२ म्हणजे एईएस-२५६.) फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते. बेंचमार्कचा आकडा त्याच्या वर असेल तर अडथळा डिस्कचा आहे, एन्क्रिप्शनचा नाही. पुढे त्यात एसएसडी घालणार असाल तर मात्र चित्र बदलेल. अशा प्रोसेसरसाठी लक्समध्ये अडियांटम नावाचा पर्याय आहे, पण इन्स्टॉलर तो देत नाही, हाताने करावं लागतं. एका जुन्या लॅपटॉपसाठी एवढा खटाटोप करू नये असं माझं मत.

टीपीएम नाही म्हणजे सगळा भार पासफ्रेजवर (अनेक शब्दांच्या पासवर्डवर). इथे चुकांचा हिशेब ठेवणारी चिप नाही. चोर डिस्क काढून आपल्या मशीनवर हवे तितके प्रयत्न करू शकतो. लक्स-२ मधलं आर्गॉन-२ प्रत्येक प्रयत्न महाग करतं, पण ‘nashik’सारखे सोपे पासफ्रेज त्याने वाचणार नाहीत. फाशांनी शब्द निवडा. १२९६ शब्दांची यादी करा, चार फासे टाकून एक शब्द, असे सात शब्द. त्यातून साधारण ७२ बिट मिळतात. मनाने निवडलेले गोदावरी, पंचवटी, त्र्यंबक चालणार नाहीत, ते यादीत सगळ्यात आधी तपासले जातात.

यादी मराठी शब्दांची करायला हरकत नाही, पण ती रोमन अक्षरांत, एका ठरलेल्या स्पेलिंगने लिहा. ‘पीठ’ दोन ई-ने की आय-ने, ‘छत्री’त एच एक की दोन, हे बूटच्या काळ्या पडद्यावर आठवत नाही. सरळ असे शब्द यादीतून काढूनच टाका.

आणि हेडर! लक्सच्या डिस्कवरच्या सुरुवातीच्या काही एमबींत (लक्स-२ मध्ये १६) सगळ्या किल्ल्या असतात. तेवढा भाग खराब झाला तर पासफ्रेज बरोबर असूनही डिस्क कधीच उघडत नाही. क्रिप्टसेटअपच्या ‘लक्स-हेडर-बॅकअप’ने त्याची फाइल करून बाहेर ठेवा. पण लक्षात घ्या, पुढे पासफ्रेज बदलला तरी जुन्या हेडरच्या फाइलला जुनाच पासफ्रेज लागू पडतो. बदलल्यावर नवी प्रत घ्या, जुनी नष्ट करा. व्हेराक्रिप्टच्या रेस्क्यू डिस्कलाही हेच लागू.

हिशेबवही_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन नव्या शंका. होमवाल्या एका लॅपटॉपवर मॅनेज-बीडीईचं ‘स्टेटस’ पाहिलं, तर ‘फुली एन्क्रिप्टेड’ पण खाली ‘प्रोटेक्शन ऑफ’ असं दिसतं. हे कसं काय? आणि एका मुलाने देवनागरीत पासवर्ड ठेवू का असं विचारलंय, इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कळफलक) येतं त्याला.

सातपूर_सिस्टिम

ते तसंच दिसतं, आणि ही फसवी अवस्था आहे. विंडोज होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं. ते पहिल्या सुरुवातीलाच डिस्क कूटबद्ध करून ठेवतं, पण किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, रिकव्हरी की त्या खात्यात जमा झाली, की मगच उघडी किल्ली काढली जाते आणि संरक्षण चालू होतं. लोकल खात्यावर चालणारा लॅपटॉप म्हणजे दाराला कुलूप, आणि किल्ली त्याच कुलपात. आज तो चोरीला गेला तर सगळं वाचता येईल.

होमवर पिनचा पर्यायही नाही. दोन मार्ग आहेत. प्रोचा परवाना घ्या आणि वर सांगितलं तसं करा. नाहीतर या दोघांना क्लायंटकडे जाताना ऑफिसचा लॅपटॉप द्या, स्वतःच्या लॅपटॉपवर क्लायंटची फाइल ठेवायचीच नाही. मी दुसरा मार्ग सुचवेन. मुलाच्या वैयक्तिक खात्यात रिकव्हरी की गेली की ती त्याच्याबरोबर ऑफिस सोडून जाते, आणि तो लॅपटॉप त्याचा असल्याने तुम्ही मागूही शकत नाही. प्रोवाल्या पाचांवरही हे बघून घ्या, कारण कुणी आपल्या खात्याने पहिलं लॉगिन केलं असेल तर की तिकडेच असेल.

देवनागरी पासवर्ड बूटच्या वेळी नको. बिटलॉकरचा पिन, व्हेराक्रिप्टचा पासवर्ड, दोन्ही विंडोज सुरू व्हायच्या आधी टाकायचे असतात, आणि तिथे अमेरिकन इंग्रजी कळफलकच असतो. इन्स्क्रिप्ट अजून चालू झालेलं नसतं.

गोदाकाठचा_पेंग्विन

उबुंटूवरही बूटच्या पडद्यावर देवनागरी टाळाच. एरवी तिथे इन्स्टॉलच्या वेळी निवडलेला कळफलक येतो, म्हणून इन्स्टॉल करताना इंग्रजी ठेवा आणि मराठी नंतर जोडा.

कुलूपकिल्ली

वर एक गोष्ट राहिली, आणि मुंबईला जाणाऱ्या लॅपटॉपसाठी ती पिनइतकीच महत्त्वाची आहे. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये डिस्कची किल्ली तशीच असते आणि उठल्यावर पिन विचारला जात नाही, थेट विंडोजचा लॉगिन येतो. नाशिकरोडला चढताना झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप म्हणजे अर्ध्या उघड्या दाराने चाललेला प्रवास. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘झाकण मिटल्यावर’ या ओळीत ‘हायबरनेट’ निवडा, बॅटरीवर आणि चार्जरवर दोन्हीकडे. पर्याय दिसत नसेल तर पॉवरसीएफजीच्या आज्ञेने हायबरनेट चालू करावं लागतं. हायबरनेटमध्ये रॅम कूटबद्ध डिस्कवर लिहिली जाते आणि उठताना पिन लागतो. उठायला थोडा वेळ जास्त जातो. मुलं कुरकुर करतील, तरी बदलू देऊ नका.

दुरुस्तीबद्दल. टीपीएम मदरबोर्डवर असतं, काही प्रोसेसरच्याच आत. एमजी रोडला नेऊन बोर्ड बदलला की जुनी चिप गेली आणि लॅपटॉप रिकव्हरी की मागणार. की दुकानात द्यायची नाही. एसएसडी काढता येणारी असेल तर काढून घ्या, मग लॅपटॉप द्या. बायोस अपडेट करण्याआधी कंट्रोल पॅनेलमधून ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा, अपडेट आणि रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा चालू झालंय ना ते स्टेटसमध्ये बघा. सिक्युअर बूट बंद केलं तरी की मागितली जाते.

आता किल्ल्यांची वही. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. रिकव्हरीचा पडदा की आयडी दाखवतो, म्हणून वहीत प्रत्येक लॅपटॉपपुढे त्या आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा. पाच लॅपटॉपच्या पाच कींमधून बरोबर ती शोधायला दुसरा उपाय नाही. प्रत्येक गट ११ ने भाग जाणारा असतो. हाताने उतरवलीत तर याचा उपयोग करा: गटातल्या एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा, त्या सारख्या असाव्यात किंवा त्यांच्यात ११ चा किंवा २२ चा फरक असावा. उदाहरणार्थ २४६८४० मध्ये २, ६, ४ ची बेरीज १२ आणि ४, ८, ० चीही १२. एक अंक चुकला तरी पकडला जातो.

छापील दोन प्रती करा. एक ऑफिसच्या तिजोरीत, दुसरी भागीदाराच्या बँक लॉकरमध्ये. त्या लॅपटॉपच्या बॅगेत नकोत आणि त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरच्या फाइलमध्येही नकोत. बॅगेत डीएससी (डिजिटल सही) टोकन आणि त्याचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी एकत्र ठेवायची सवय अनेक ऑफिसांत असते, ती या निमित्ताने मोडा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे भागीदारांच्या कानावर घाला. प्रोचे दोन परवाने लगेच मंजूर होतील.

वही झाल्यावर प्रत्येक की एकदा वापरून बघा. पिनच्या पडद्यावर एस्केप दाबलं की रिकव्हरीचा पडदा येतो. तिथे छापील कागदावरून ४८ अंक टाका आणि विंडोज उघडतंय ना बघा. यासाठी मॅनेज-बीडीईचा ‘फोर्स रिकव्हरी’ पर्याय वापरू नका, तो टीपीएमचे सगळे प्रोटेक्टर पुसून टाकतो आणि मग पिन नव्याने बसवावा लागतो.

हिशेबवही_नाशिक

ठरलं. पाच प्रोवर बिटलॉकर आणि आठ अंकी पिन, उबुंटूचं नव्याने इन्स्टॉल, होमवाल्या दोघांना बाहेर जाताना ऑफिसचे लॅपटॉप. शनिवारी पूर्ण बॅकअप घेऊन एकाच लॅपटॉपवर आधी करतो. आठवडाभर तो नीट चालला की बाकीचे.

सातपूर_सिस्टिम

एकावर आधी करताय ते उत्तम. त्या आठवड्यात त्याच लॅपटॉपचं बायोस अपडेट उपलब्ध असेल तर मुद्दाम करून घ्या, सस्पेंड करून. आणि बॅकअप ज्या बाहेरच्या ड्राइव्हवर घेताय तोही बिटलॉकर टू गोने (बाहेरच्या ड्राइव्हसाठीच्या बिटलॉकरने) कूटबद्ध करा, त्याची रिकव्हरी की वेगळी असते, ती वहीत लिहायला विसरू नका.